इकडे-तिकडेचा कागद

४ जानेवारी

दादा,

वर ‘तीर्थरूप’ वगैरे लिहिणार होते, पण तू म्हणाला असतास, काम निघालं की बरी तीर्थं आठवतात हिला. म्हणून नुसतं दादा. आणि काम आहेच.

फोन का नाही केला, तर तू उचलला नसतास. बारा वर्षांत मी तीनदा केला आणि तिन्ही वेळा वहिनी म्हणाली, “ते बाहेर गेलेत.” मागून तुझा खोकला ऐकू येत होता. पत्राचं बरं असतं. तू टरकावलंस तरी मला आवाज येणार नाही.

मुद्द्याचं लिहिते. आमची लॅब मार्चअखेर बंद होतेय. एकतीस वर्षं मी एकाच खिडकीशी बसून लोकांच्या कवळ्या केल्या. प्लास्टरचे साचे, त्यावर मेण, मेणात एकेक दात. आता मालकांचा मुलगा म्हणतो, तोंडात कॅमेरा फिरवायचा, बाकीचं मशीन बघून घेतं. मालक बिचारे माझ्याकडे बघायचं टाळतात. पण त्यांनीच तुमच्या शहरातल्या एका लॅबमध्ये शब्द टाकलाय. तिथे अजून हाताने दात बसवणारं माणूस हवंय. पगार एकोणीस हजार. फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. इथे राहिले तर दुसरं काम मिळायचं नाही, अठ्ठावन्नाव्या वर्षी मला कोण दारात उभं करणार? आणि तिथे आले तर एकोणीस हजारांत भागेल का, देव जाणे.

म्हणून कागद करायला घेतलाय. आपला इकडे-तिकडेचा. मधोमध रेघ मारली, पट्टी सापडेना म्हणून नुसत्या हाताने, तर काय सरळ आली म्हणून सांगू! बाबांनी बघितली असती तर तरीही पट्टी लावून तपासली असती. डावीकडचं ‘इकडे’ भरून झालं, ते या पत्रामागे उतरवून दिलंय. उजवीकडचं ‘तिकडे’ कोरं आहे, कारण तुझ्याशिवाय तिथलं मी कुणालाच ओळखत नाही. एका खोलीचं भाडं, वीज, पाणी, गॅस, दूध, भाजी, बसचा पास. एवढेच आकडे लिहून पाठव. खाली सहीसुद्धा नको करूस. रागावलेल्या माणसाला आकडे लिहिता येतात, आणि तू तर रागावलास की अक्षर जास्तच सुबक काढतोस.

खडू
(विसरला असशील तर: तुझी बहीण.)


२७ जानेवारी

दादा,

तुझा कागद मिळाला. पत्र नाही, चिठ्ठी नाही, ‘कशी आहेस’ नाही. नुसते आकडे, एकाखाली एक, दशांश चिन्हंसुद्धा एका ओळीत. लॅबमध्ये डबा खाताना उघडला आणि मला इतकं हसू आलं की शेजारची पॉलिशवाली विचारायला लागली, काय गं, लॉटरी लागली का? तिला काय सांगणार? दूध अर्धा लिटर चौतीस पूर्णांक पन्नास! हे पन्नास पैसे बघून हसू येतंय म्हटलं तर वेड्यात काढेल मला.

बेरीज केली. एकवीस हजार तीनशे. पगार एकोणीस. दोन हजार तीनशेला अडतंय. भाजी अर्धी केली तरी अडतंय. दूध बंद केलं तरी अडतंय. एक खोली साडेबारा हजारांना, दादा? भिंतींना काय सोन्याचा मुलामा देतात का तुमच्याकडे?

पण तू खरे आकडे दिलेस याचं बरं वाटलं. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, ये गं, भागतं सगळ्यांचं.

कागद समोर ठेवला आणि सगळी घरं आठवत बसले. आठवतं का रे, बाबांची बदली आली की जेवणं झाल्यावर ताटं उचलायच्या आधी कागद यायचा? वजनमापं तपासणाऱ्या माणसाचं घर आपलं, खर्चाचा आकडासुद्धा तोलून-मापून. पेनने लिहिलेला आकडा खोडायचा नाही. चुकला असेल तर बाजूला पेन्सिलने खरा लिहायचा आणि तारीख घालायची, म्हणजे चूकही दिसली पाहिजे आणि दुरुस्तीही. आणि शेवटच्या ओळीत प्रत्येकाने पैशाचं नसलेलं एक काहीतरी लिहायचं. तुझं ठरलेलं, ‘तिकडे मित्र नाहीत.’ पाच बदल्या, पाचही वेळा तेच. माझं काय, तर ‘तिकडे जिना आहे का?’ छापखान्याच्या वरच्या घरात जिना होता, आठवतोय? बावीस पायऱ्या, आणि खाली मशीन सुरू झालं की आपल्या पायाखालची फरशी गुणगुणायची. आई मांडणीतली भांडी धरून उभी राहायची आणि म्हणायची, चला, लागले हे कामाला.

आणि आईची ओळ! ‘इकडे: खिडकी रस्त्याकडे. तिकडे: बघू.’ दरवेळी ‘बघू’. बाबा म्हणायचे, अगं, काहीतरी ठोस लिही. ती म्हणायची, न बघता ठोस कसं लिहू?

परवा वजनांची पेटी काढून बघितली. हिरवं कापड विरलंय, पण पितळेची वजनं तशीच आहेत. आपण दोघं हातात रुमाल घेऊन पुसायचो, घाम लागला तर वजन वाढतं म्हणून. आणि मी खडू खाते अशी तू चुगली केलीस तेव्हा बाबांनी मला रागावायच्या आधी चार दिवस खडूचा डबा तोलला होता! अकरा ग्रॅम कमी भरल्यावरच मला हाक मारली. आता जन्मभर प्लास्टरच कालवतेय. खाऊन पिच्छा सुटला असता तर बरं झालं असतं.

तर नाही कळवून टाकते त्यांना. वाईट वाटून घेऊ नकोस, आणि तू घेणारही नाहीस. कागद जे सांगतो ते ऐकायचं. आपल्या घरात कागद कधी खोटं बोलला नाही.

खडू


९ फेब्रुवारी

दादा,

तुझं कार्ड मिळालं. बारा वर्षांत तू मला लिहिलेलं पहिलं वाक्य, आणि तेही हे: ‘कधीच नाही? आईच्या वेळचा कागद आठवून बघ.’

आठवतो. मीच केला होता. आई पडली, खुब्याचं हाड मोडलं, त्यानंतर चौदा महिने ती माझ्याकडे होती. तिसरा मजला, लिफ्ट नाही. डॉक्टरकडे न्यायचं तर दोन माणसं आणि एक खुर्ची. मी सकाळी आठला बाहेर पडायची ती साडेसहाला परत. तुझ्याकडे तळमजला, वहिनी दिवसभर घरात, दवाखाना चालत पाच मिनिटांवर. आईला कुठे ठेवणं परवडेल याचा कागद मी केला, तुला फोनवर वाचून दाखवला, तू म्हणालास, मी येतो तिला न्यायला. मग आता त्या कागदाचं काय काढलंस?

दिवसाच्या बाईचे पैसे, खुर्ची उचलणाऱ्यांचे पैसे, औषधं, सगळं लिहिलं होतं त्यात. सगळ्याला आधार होता. आईनेही वाचला, तिच्या हातात तीन दिवस होता तो. एक अक्षर बोलली नाही ती. काही चुकलं असतं तर बोलली असती की, पाच बदल्या काढलेली बाई होती ती.

आईला तुझ्या गळ्यात घातलं म्हणून तू रागावलास, हे मला माहीत आहे. तुझ्याकडे ती सातच महिने जगली. मीही तुझ्या जागी रागावले असते. पण आकड्यांवर बोट ठेवू नकोस, दादा. ते मला नाही सहन होणार.

नोकरीच्या लोकांना अजून काही कळवलेलं नाही. सर्दी झालीय, डोकं चालत नाही.

खडू


११ फेब्रुवारी

दादा,

परवाचं पत्र गेलं असेल पेटीतून. गेलंच असेल. पोस्टात जाऊन विचारलंसुद्धा मी, परत मिळेल का म्हणून. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, एकदा टाकलं की ते तुमचं नाही राहिलं. मग म्हटलं, दुसरं लिहावं.

सर्दीबिर्दी काही झालेली नाही.

त्या कागदात एक आकडा खोटा होता. दिवसाच्या बाईचा. मी नऊ हजार लिहिला. खरा साडेतीन होता. खालच्या मजल्यावर त्या निवृत्त नर्सबाई राहायच्या ना, उंच, हळू बोलणाऱ्या? त्या स्वतःहून म्हणाल्या होत्या, मी बसेन आईंजवळ दिवसभर, साडेतीन द्या, मला तरी कोण आहे. जिन्यात उभं राहून म्हणाल्या. मी म्हटलं, विचार करून सांगते. आणि वर येऊन पेनने नऊ लिहिलं. साडेतीन लिहिलं असतं तर ‘इकडे’ स्वस्त पडत होतं, दादा. आई माझ्याकडेच राहायला हवी होती.

का लिहिलं ते सांगते, एकदाच सांगते. मी कामावरून यायची. किल्ली फिरवायची, चप्पल अजून पायात असायची, आणि आतून आवाज यायचा, “आलीस का?” रोज. त्यात काय एवढं, म्हणशील. तिने दिवसभर कुणाचा आवाज ऐकलेला नसायचा. पण मी दिवसभर दुसऱ्यांच्या जबड्यांशी झगडून यायची, आणि त्या दोन शब्दांसरशी पुढचं सगळं सुरू व्हायचं. आता उचला, आता बसवा, आता पुसा, आता बोला. मला एकदाच, एकदाच दार उघडल्यावर कुणी काही विचारायला नको होतं. शेचाळीस वर्षांची बाई मी, आणि आईच्या ‘आलीस का’ला कंटाळले होते. माझी खोली मला परत हवी होती. बस. याच्यापुढे कारण नाही.

मिळाली की. तू गाडी घेऊन आलास, आईला खाली उतरवलं, तिने वर बघून हात केला, आणि दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले, किल्ली फिरवली. कुणी काही विचारलं नाही. मी चप्पल घालूनच खुर्चीवर बसून राहिले. ते अजून तसंच चाललंय. बारा वर्षं रोज संध्याकाळी ती किल्ली फिरते आणि मी क्षणभर थांबते, खोटं कशाला सांगू?

वजनमाप निरीक्षकाच्या मुलीने आईच्या कागदात खोटं वजन घातलं. हे मी तुला तोंडावर कधीच सांगू शकले नसते. आता फाड पत्र.

खडू


२० फेब्रुवारी

दादा,

जाड पाकीट मिळालं. आत दोन कागद. वरचा उघडला, तो जुना होता, आईच्या चष्म्याच्या घरात ठेवून ठेवून चार घड्यांवर फाटत आलेला.

माझं अक्षर. दिवसाची बाई, नऊ हजार. आणि बाजूला पेन्सिलने, आईच्या अक्षरात, तीन हजार पाचशे. खाली तारीख. तू न्यायला आलास त्याच्या दोन दिवस आधीची.

मी तो आकडा दोनदा वाचला. मग डोक्यात प्रकाश पडला, आणि मी कपाळाला हात लावला. नर्सबाई दुपारी वर येऊन आईची वेणी घालायच्या! त्यांनी मला विचारायच्या आधी आईलाच विचारलं असणार ना? आणि मी, घरातली मोठी हिशेबी, जिन्यातलं बोलणं फक्त मला माहीत आहे असं धरून चालले होते.

तिला माहीत होतं. तरी ती गाडीत बसली. हात केला.

आणि तिची ओळ. तीन दिवस कागद तिच्या हातात होता तेव्हा मला वाटलं, नुसता वाचतेय. ‘तिकडे: बघू.’ ते तर मी डोळे मिटून सांगितलं असतं. पण ‘इकडे’? मी चष्मा पुसून परत वाचलं. ‘इकडे: खडू फार दमली आहे.’

तुला हा चष्म्याच्या घरात सापडला, ती गेल्यावर पंधराव्या दिवशी. वहिनीने पाकिटाच्या मागे तेवढंच लिहिलंय. म्हणजे बारा वर्षं तुझा राग आईला गळ्यात घातलं याचा नव्हता. मी तिला फसवलं याचा होता, आणि तिने मला पकडून सोडून दिलं याचाही होता. बरोबर होता तुझा राग. मी असते तर वीस वर्षं धरला असता.

दुसरा कागद मी उघडलेला नाही. आज माझ्याने होणार नाही.

खडू


२४ फेब्रुवारी

दादा,

आज रविवार. केस धुतले, खिडकीत बसून वाळवले आणि तुझा दुसरा कागद उघडला.

माझ्या नावाचा इकडे-तिकडे. ‘इकडे’ तू माझ्या पहिल्या पत्रातून उतरवून घेतलंयस, म्हणजे पत्र फाडलं नव्हतंस. आता तुझं ‘तिकडे’ वाचते, तपासायला मला बाबांनीच शिकवलंय.

भाडं: शून्य. मागची खोली, आईची. बरं.

वीज: चाळीस. महिन्याला? दादा, चाळीसमध्ये देवासमोरचा दिवासुद्धा लागत नाही. गॅस: शून्य, ‘नाहीतरी जळतोच’. भाजी: शून्य, ‘वहिनी जास्तच आणते’. दूध अर्धा लिटर: दोन. अरे, महिन्याभरापूर्वी तूच मला चौतीस पूर्णांक पन्नास लिहिलं होतंस! गवळ्याच्या डोक्यावर परिणाम झाला का? बसचा पास: लागत नाही, ‘स्कूटरवर सोडीन’. तू चौसष्ट वर्षांचा आहेस, आणि ती स्कूटर तुझ्या लग्नातली. तिच्यावर आपण दोघं बसलो तर कोपऱ्यावरच्या वाण्याला दोन दिवस करमणूक पुरेल.

दशांश चिन्हं मात्र एका ओळीत आहेत. अक्षर वाईट आहे, गिरबटलेलं. म्हणजे राग गेला म्हणायचा.

आणि शेवटची ओळ. पाच बदल्यांमध्ये तू जे लिहायचास त्याच्याच खाली नवीन काहीतरी लिहिलेलं बघितलं आणि माझा चष्मा ओला झाला. ‘तिकडे मित्र नाहीत. दादा आहे.’

बाबांच्या हातात हा कागद पडला असता तर त्यांनी तुला भर चौकात दंड केला असता. सगळ्यात मोठा खर्च शून्य, आणि एकही आकडा खरा नाही. मी पेन्सिल काढली होती. टोकही केलं. भाड्याच्या शून्यावर धरली, आणि मग आईची ती पेन्सिलची साडेतीन हजारांची ओळ आठवली. पेन्सिल वजनांच्या पेटीत ठेवून दिली. तुझ्या कागदावर एकही दुरुस्ती केलेली नाही. फक्त माझी ओळ भरलीय. ‘इकडे: एकतीस वर्षं, एक खिडकी. तिकडे: बघू.’

मघाशी मालकांना फोन करून नोकरीवाल्यांना हो कळवायला सांगितलं. मालक हसले, म्हणाले, हिशेब जुळला वाटतं. मी म्हटलं, जुळवला.

मार्चअखेरचं काम संपवून, एक एप्रिलला दुपारच्या गाडीने निघते. तारीख बघून हसू नकोस. सामान एक ट्रंक, दोन पिशव्या आणि वजनांची पेटी. पेटी मी मांडीवर घेऊन येणार आहे. साडेसहाच्या सुमाराला पोचेन. न्यायला येऊ नकोस, त्या स्कूटरवर तर मुळीच येऊ नकोस. घर मला सापडेल.

फक्त एक कर. बारा वर्षांनी समोरासमोर आल्यावर तुला काय बोलावं ते सुचणार नाही, मला तर नाहीच नाही. तू भांडशील नाहीतर रडशील, आणि दोन्ही तुला दारात उभं राहून जमत नाही. म्हणून दार नुसतं लोटून ठेव. तू आतच बस. मी चप्पल काढायच्या आधी आतून विचार, “आलीस का?”

खडू